जुना सर्व्हर बंद करण्याआधी: सांगलीतल्या एका आडत पेढीच्या स्थलांतराची हकिगत

संगमकाठ

नमस्कार मंडळी. विंडोज सर्व्हर २०१६ अजून चालवणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. १२ जानेवारी २०२७ नंतर त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या बंद होतील, आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी पेढ्या, कारखाने, पतसंस्था आजही त्याच्यावरच आहेत. त्याच्या आधीच्या २०१२ आर२ ची मुदत १० ऑक्टोबर २०२३ ला संपली. तिच्या आधी आम्ही सर्व्हर बदलला. तेव्हा जिथे जिथे अडखळलो ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुमचे ते दिवस वाचतील.

पेढी हळद आणि बेदाण्याची. मुख्य कचेरी गणपती पेठेत, गोदाम माधवनगर रस्त्याला, शीतगृह कुपवाडला. एकूण ३८ संगणक. एकच टॉवर सर्व्हर, त्याच्यावरच सगळं: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्या खात्यांची आणि संगणकांची यादी, म्हणजे डोमेन), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणं), फायली, टॅली, छपाई. नवीन यंत्रावर हायपर-व्ही (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवणारी प्रणाली) टाकून आत सर्व्हर २०२२ च्या दोन आभासी यंत्रणा करायच्या ठरल्या, एक डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे डिरेक्टरी सांभाळणारा सर्व्हर) म्हणून आणि दुसरी फायली व टॅलीसाठी. यंत्राच्या सगळ्या कोअरचा परवाना घेतला की स्टँडर्ड आवृत्तीत दोन आभासी यंत्रणा बसतात, त्यामुळे हा हिशेब मालकांनाही पटला.

आधी तीन आठवडे कशालाही हात लावला नाही. जुन्या सर्व्हरकडे कोण येतं एवढंच बघत राहिलो. शेअर्ड फोल्डरच्या खिडकीत सेशन्स आणि उघड्या फायली दिसतात, त्या रोज तीन वेळा उतरवून घ्यायचो. डीएनएसची डीबग नोंद चालू केली होती. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्यातूनच कळलं की कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर घड्याळासाठी जुन्या सर्व्हरला विचारतो आणि हजेरीचं यंत्र रात्री दोन वाजता तिथे फाईल टाकतं. दोन्ही गोष्टी कुठल्याच कागदावर नव्हत्या.

पहिली अडचण मेलेल्या डीसीची. हे डोमेन मुळात सर्व्हर २००३ वर उभं राहिलं होतं. पुढे २०१२ आर२ आला तेव्हा जुनं यंत्र डिमोट न करताच, म्हणजे डीसीपदावरून रीतसर न उतरवताच, भंगारात गेलं. यंत्र गेलं, पण डिरेक्टरीत त्याची नोंद जिवंत राहिली. डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कुठल्या आवृत्तीच्या पातळीवर चालतं ती) वाढवायला गेलो तर २००३ चा डीसी अजून आहे म्हणून नकार. मेटाडेटा क्लीनअप करून ती नोंद काढली, साइट्समधला आणि डीएनएसमधला त्याचा मागमूस पुसला, तेव्हा कुठे लेव्हल वर गेली.

दुसरी अडचण सिसव्हॉलची, म्हणजे सगळ्या डीसींवर सारखा ठेवावा लागणाऱ्या धोरणांच्या फोल्डरची. २००३ च्या काळातल्या डोमेनमध्ये सिसव्हॉलची देवाणघेवाण एफआरएस या जुन्या पद्धतीने होते. एफआरएसला चालवून घेणारी शेवटची आवृत्ती २०१६. २०१९ पासूनचा सर्व्हर अशा डोमेनमध्ये डीसी होतच नाही. म्हणून आज २०१६ वर सुखाने बसलेल्यांना हा दगड अजून लागलेला नसेल, पुढच्या पावलाला लागेल. डीएफएसआर या नव्या पद्धतीवर जायला डीएफएसआरमिग या आज्ञेने शून्य, एक, दोन, तीन अशा पायऱ्या चढायच्या. दोनपर्यंत माघारी फिरता येतं, तीनला गेलं की परत येणं नाही. प्रत्येक पायरीवर सगळे डीसी तिथे पोहोचल्याची खात्री करून मगच पुढे जायचं. आणि भंगारातल्या डीसीची नोंद काढली नसेल तर तो कधीच पोहोचत नाही, काम तिथेच अडकून पडतं.

फायलींसाठी रोबोकॉपी ही विंडोजची प्रत काढणारी आज्ञा. परवानग्यांसकट नेण्याचा पर्याय न विसरता द्या. त्यातून फोल्डरवरच्या परवानग्या येतात, शेअरवरच्या मात्र येत नाहीत. त्या रजिस्ट्रीत लॅनमन सर्व्हरच्या शेअर्स या कप्प्यात असतात, तो वेगळा काढून न्यावा लागतो. पहिल्या प्रतीला दोन रात्री लागल्या, नंतर रोज रात्री फक्त फरक. मिररचा पर्याय वापरणार असाल तर मूळ आणि मुक्काम दोनदा वाचा. उलटं लिहिलं गेलं तर रिकाम्या फोल्डरसारखंच भरलेलंही करून ठेवतो तो, म्हणजे सगळं पुसून.

खरी अदलाबदल २०२३ च्या संक्रांतीला. संक्रांत रविवारी आली होती, शनिवारी संध्याकाळपासून पेढी बंद. पाचही एफएसएमओ भूमिका (एका वेळी एकाच डीसीकडे असणारी खास कामं) नव्या डीसीवर नेल्या, डीएचसीपी हलवलं, शेवटचा फरक वीस मिनिटांत उतरला. सोमवारी लोक आले, कामाला लागले. आनंद झाला.

जुना सर्व्हर मी लगेच बंद केला नाही, हे माझं नशीब. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याची फक्त नेटवर्कची केबल काढली, यंत्र चालूच ठेवलं. केबलच्या टोकाला आणि तिच्या खाचेला पिवळी चिकटपट्टी लावून दोन्हीवर एकच आकडा लिहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गोदामावरून फोन. ‘दादा, काट्यावर आकडा दिसतोय पण पावती येईना की ओ. मागं तीन गाड्या लागल्यात.’ नव्या हळदीची आवक सुरू झाली होती आणि गोदामातला भुईकाटा त्या हंगामात पहिल्यांदाच चालू झाला होता. मी हरिपुरात, सर्व्हर पेठेत. कचेरी झाडायला आलेल्या मावशींना फोनवर सांगितलं, पिवळी पट्टी पिवळ्या पट्टीत बसवा. खटका वाजल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. दोन मिनिटांत गोदामात पावती निघाली.

मग गोदामात जाऊन बघितलं. काट्याचा संगणक विंडोज ७, डोमेनमध्ये नाही, मागे सिरियल केबलने काट्याला जोडलेला. काट्याच्या प्रणालीची सेटिंगची फाईल नोटपॅडमध्ये उघडली. सहाव्या ओळीत सरळ \\१९२.१६८.१.१०\काटा. नाव नाही, नुसता आयपी पत्ता. पासवर्ड विंडोजमध्ये साठवलेला. डिसेंबरच्या तीन आठवड्यांत हा संगणक एकदाही चालू झाला नव्हता, मग माझ्या नोंदीत येणार कुठून?

मला जे सांगायचंय ते हेच आहे. सर्व्हर हलवणं सोपं आहे. त्याला कोण कोण ओळखतं हे शोधणं अवघड, आणि त्यातले काही जण वर्षातून दोनच महिने उगवतात. हळदीचा हंगाम, मार्चअखेर, दिवाळीचं वहीपूजन, लेखापरीक्षण, एवढं सगळं एकदा डोळ्यांखालून गेल्याशिवाय ‘जुन्याकडे आता कोणी येत नाही’ असं म्हणू नये.

त्या दिवशी उरलेल्या सगळ्या संगणकांवर आयएनआय आणि बॅच फायलींत, तसंच ओडीबीसीच्या (डेटाबेसशी जोडणीच्या) नोंदींत तो आयपी शोधला. आणखी चार ठिकाणी सापडला. एक तर बेदाण्याच्या साठ्याची एक्सेल होती, जिच्या आत दुसऱ्या एक्सेलचा दुवा होता.

वारणाकाठ

दंडवत. एक शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्याच यंत्रावर २०१२ आर२ ची सरळ २०२२ का केली नाही? आमच्या दूध संकलनाच्या कचेरीत विक्रेता तेच सुचवतोय.

संगमकाठ

वारणाकाठ, २०१२ आर२ वरून २०२२ वर थेट जाताच येत नाही. मधे २०१६ किंवा २०१९ चा थांबा घ्यावा लागतो. सर्व्हर २०२५ या आवृत्तीला २०१२ आर२ पासून सरळ उडी मान्य आहे. पण तुमचा सर्व्हर डीसी असेल तर माझं मत विरोधातच. नवा डीसी शेजारी उभा करायचा, भूमिका द्यायच्या, जुना डिमोट करायचा, हाच मायक्रोसॉफ्टचाही सल्ला आहे. जागच्या जागी बदल करताना काही बिघडलं तर तुमच्याकडे जुनाही नसतो आणि नवाही नसतो. शिवाय यंत्र नऊ-दहा वर्षांचं असेल तर त्याच्या डिस्कचा काय भरवसा?

विक्रेत्याला एकच विचारा: मधेच वीज गेली तर माघारी कसं फिरणार? उत्तर लेखी घ्या.

मिरजेचा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. मी मिरजेतल्या एका रुग्णालयाचं नेटवर्क बघतो. आमचा अनुभव लिनक्सकडचा आणि थोडा उलटा आहे.

आमच्याकडे सेंटओएस ७ होतं. त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला. आम्ही अल्मालिनक्सवर गेलो. त्यांच्याच प्रकल्पाचं एलिव्हेट नावाचं साधन आहे, ते जागच्या जागी ७ वरून ८ वर नेतं. साधे दोन सर्व्हर तसे नेले आणि ते नीट गेले. घोटाळा वेगळीकडेच झाला. सेंटओएस ७ मध्ये नुसतं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) म्हटलं की २.७ मिळायचं, ८ च्या पिढीत नुसत्या पायथन नावाची आज्ञाच मुळात नसते. रात्रीच्या बॅकअपची लिपी त्याच्यावर लिहिलेली. क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा) वेळेवर चालत होता, लिपी पहिल्याच ओळीला पडत होती आणि चूक ज्या मेलबॉक्सला जायची तो कोणी उघडत नव्हतं. अकरा दिवस बॅकअप नव्हता, हे आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

क्ष-किरण आणि सीटीच्या प्रतिमा साठवणारा सर्व्हर मात्र आम्ही नव्याने उभा केला आणि त्याला मुद्दाम जुनाच आयपी, जुनाच पोर्ट आणि जुनंच एई टायटल (यंत्राचं ओळखनाव) दिलं. डायकॉममध्ये (वैद्यकीय प्रतिमा पाठवण्याच्या मानकात) प्रत्येक यंत्राच्या आत या तीन गोष्टी भरलेल्या असतात आणि त्या बदलायला त्या त्या कंपनीचा अभियंता यावा लागतो. सात यंत्रं, चार कंपन्या. रुग्ण टेबलावर झोपलेला असताना आम्हाला ‘केबल काढून बघू कोण ओरडतं’ हे करता येत नाही. म्हणून संगमकाठ, तुम्ही जुना आयपी नव्याला का नाही दिलात? भुईकाटा अडलाच नसता.

संगमकाठ

मिरजेचा, रास्त प्रश्न. माझ्याकडे एका सर्व्हरचे दोन झाले होते. स्थिर डीएनएस भरलेली यंत्रं जुन्या .१० या पत्त्याकडे नावं विचारायला जायची आणि काटा त्याच .१० कडे फाईल ठेवायला जायचा. पत्ता डीसीला दिला असता तर काटा अडला असता, फाईल सर्व्हरला दिला असता तर डीएनएस. दोघांना एक पत्ता देता येत नाही. म्हणून मी पत्ते शोधून बदलले आणि जुनं नाव तेवढं फाईल सर्व्हरला जोडनाव म्हणून दिलं. तेही नेटडॉम या आज्ञेने, डीएनएसमध्ये नुसती सीनेम (टोपणनावाची नोंद) टाकून नाही. नेटडॉम एसपीएनही (सेवेची ओळख) नोंदवतो, नाहीतर कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी पद्धत) त्या नावाला ओळखत नाही.

तुमच्यासारखं एकास एक असेल तर जुना पत्ता देणंच शहाणपणाचं.

जमाखर्च

मी हिशेब विभागात काम करते, सर्व्हरमधलं काही कळत नाही, तरी लिहिते. आमच्या आधीच्या नोकरीत असा बदल झाला तेव्हा आम्हाला शुक्रवारी संध्याकाळी ‘सोमवारी सगळं तसंच असेल’ एवढंच सांगितलं होतं. सोमवारी डेस्कटॉप कोरा, छपाईयंत्र गायब, आणि टॅली उघडली तर शैक्षणिक मोडमध्ये. त्या दिवशी जीएसटीचं विवरण भरायचं होतं. विवरण रात्री साडेनऊला गेलं, घरी लहान मूल वाट बघत होतं.

एवढंच मागणं आहे की तारीख ठरवण्याआधी हिशेबाच्या टेबलावर येऊन एकदा विचारा.

संगमकाठ

ताई, हा प्रतिसाद धाग्यात सगळ्यात वर असायला हवा.

टॅलीचं असं आहे की परवाना जुन्या संगणकावरून आधी सरेंडर करावा लागतो, मग नव्यावर चालू करायचा. जुना सर्व्हर पुसल्यावर ते आठवलं तर मनस्ताप होतो. तुमच्या तिथे बहुतेक तेच राहून गेलं असणार. आणि नुसता चालू वर्षाचा डेटा नेऊन भागत नाही. कंपनी कायद्याखाली हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात, शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना फेरफारांची नोंद बंद न करता येणारी प्रणाली लागते. म्हणून जुनी वर्षं नव्या जागी उघडून बघा, ताळेबंदाचा एक आकडा जुन्या छापील प्रतीशी जुळवा. आमच्या मुनीमकाकांनी तसा प्रत्येक वर्षाचा जुळवून घेतला. त्यांनी मान डोलावली तेव्हाच मी प्रत पूर्ण झाली असं धरलं.

तुमच्या सूचनेबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे मी प्रत्येक टेबलावर जाऊन ‘सकाळी आल्यावर पहिल्यांदा काय उघडता?’ एवढाच प्रश्न विचारला होता. साठ्याची ती एक्सेल मला अशीच कळायला हवी होती, पण त्या दिवशी त्या टेबलावरचे काका रजेवर होते आणि मी परत गेलो नाही.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून. एमआयडीसीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात सांबा हे मोफत सॉफ्टवेअर डीसी म्हणून चालवतोय. सांबा ४.० डिसेंबर २०१२ मध्ये आलं तेव्हापासून ते डोमेन कंट्रोलर होऊ शकतं. ग्राहक-परवान्यांचा खर्च नाही, विंडोजचे संगणक त्याला नेहमीच्या डोमेनसारखेच जोडतात. सिसव्हॉलची देवाणघेवाण तेवढी त्यात नाही, ती आम्ही आरसिंक या प्रती जुळवणाऱ्या आज्ञेने करतो. लहान उद्योगांनी एवढे पैसे का घालवावेत हे मला खरंच कळत नाही.

संगमकाठ

अजिंक्यतारा, सांबाबद्दल मला आदर आहे आणि तुम्ही ते नीट चालवताय हे लिहिण्यावरूनच दिसतं. माझा निर्णय एका गोष्टीवर ठरला. मी आजारी पडलो तर सांगलीत त्याच दिवशी कोण येऊन हात घालेल? विंडोजला पाच जण मिळतात. सांबाला मला एकही खात्रीचा मिळाला नाही. तुमच्याकडे दुसरा माणूस तयार असेल तर तुमचा मार्ग माझ्यापेक्षा स्वस्त आणि तितकाच पक्का.

कुपवाडकर

आमच्याकडे बदलानंतर चौथ्या दिवशी सकाळी कोणालाच लॉगिन होईना. घड्याळं सात मिनिटं मागे. डीसी आभासी आहे. काय चुकलं असेल?

संगमकाठ

कर्बेरॉस पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, त्यामुळे सात मिनिटांना दार बंद झालं. बहुतेक असं झालंय: आभासी डीसी आपलं घड्याळ खालच्या हायपर-व्ही यंत्राकडून घेतोय आणि ते यंत्र डोमेनमध्ये असल्यामुळे डीसीकडून घेतंय. दोघं एकमेकांना विचारत हळूहळू वाहवत जातात. डीसीच्या इंटिग्रेशन सर्व्हिसमधलं टाइम सिंक्रोनायझेशन बंद करा आणि पीडीसी एम्युलेटर (त्या पाच भूमिकांपैकी वेळ सांभाळणारी) ज्याच्यावर आहे त्याला बाहेरच्या एनटीपीला (वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला) जोडा. बाकीचे आपोआप त्याच्या मागे येतील.

आणि स्कॅनर बंद पडला का बघा. जुनी बहुउद्देशीय यंत्रं फोल्डरमध्ये स्कॅन टाकताना एसएमबी१ (फायली पाठवण्याची जुनी पद्धत) वापरतात आणि नव्या सर्व्हरवर ते मुळातच बसवलेलं नसतं. नेटवर जागोजागी ‘एसएमबी१ चालू करा’ असं उत्तर मिळेल. करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू त्याच वाटेने पसरला होता. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, तरी तेवढं झालं. आम्ही स्कॅन मेलवर वळवले.

कुपवाडकर

घड्याळाचं नेमकं तेच होतं. स्कॅनरही बंदच आहे, आज कळलं. धन्यवाद दादा.

वारणाकाठ

बॅकअप कुठे ठेवता? पुराचा विचार केलाय का?

संगमकाठ

केलाय, कारण २०१९ मध्ये केला नव्हता.

त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. पेठेत पाणी शिरायच्या आदल्या रात्री सर्व्हर आम्ही तिघांनी खांद्यावरून पहिल्या मजल्यावर नेला. यंत्र वाचलं. बॅकअपची डिस्क मात्र तळमजल्यावरच्या टेबलाच्या खणात राहिली. आठवड्याने खण उघडला तेव्हा आत गाळाची वडी झाली होती आणि डिस्कची केबल तेवढी वर दिसत होती. त्या आठवड्यात सर्व्हरची डिस्क गेली असती तर पेढीच्या शेकडो शेतकऱ्यांच्या पट्ट्या गेल्या असत्या.

त्यानंतर एक प्रत कोल्हापूरला ठेवायचं ठरत होतं. मीच विरोध केला. पंचगंगेला पूर येतो तेव्हाच कृष्णेला येतो, २०१९ मध्ये दोन्ही शहरं एकदमच पाण्यात होती आणि शिरोलीजवळ महामार्गही बंद होता. प्रत दुसऱ्या गावात असून उपयोग नाही, दुसऱ्या पाण्यावर हवी. आता तिसरी प्रत विट्याच्या शाखेत जाते, माळावर. दुसरा डीसी कुपवाडच्या शीतगृहात आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा विट्याच्या प्रतीवरून एक फोल्डर उघडून बघितला आणि मगच झोपलो.

नवशिका_तासगाव

सर, मी नुकताच एका बेदाणा शीतगृहात लागलोय. सर्व्हर २०१६, आधीचा माणूस सोडून गेलाय, कागद काही नाहीत. सुरुवात कुठून करू?

संगमकाठ

सर नको, दादा पुरे.

आधी डीसीडायग ही डीसी तपासणारी आज्ञा चालवा, त्यातल्या नापास चाचण्या वहीत उतरवा, दुरुस्त करायला लगेच बसू नका. मग डिरेक्टरी रिस्टोअर मोडचा (बिघडलेली डिरेक्टरी दुरुस्त करण्यासाठीचा) पासवर्ड कोणाला माहीत आहे का विचारा. माहीत नसेल तर आजच नवा करा, सर्व्हर चालू असताना एनटीडीएसयुटिल या आज्ञेने करता येतो, आणि लिफाफ्यात घालून मालकांच्या तिजोरीत ठेवा. ज्या दिवशी डिरेक्टरी उठत नाही त्या दिवशी दुसरा कुठलाच पासवर्ड कामी येत नाही. त्यानंतर बॅकअपमधून एक फाईल खरोखर परत आणून बघा. शेवटी डीएफएसआरमिगला सध्याची पायरी विचारा. तासगावात बेदाण्याचे सौदे कधी जोरात असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक, ते महिने सोडून तारीख धरा.

अजिंक्यतारा

संगमकाठ, त्या जुन्या सर्व्हरचं पुढे काय झालं?

संगमकाठ

केबल पुढे जूनपर्यंत तशीच जोडून ठेवली. हळद सरली, मार्चअखेर झाली, लेखापरीक्षकही येऊन गेले. मग पुन्हा दोन आठवडे काढली. कोणाचा फोन आला नाही. तरीही तसाच पुसला नाही. पुन्हा जोडला, देवाणघेवाण पुरी होऊ दिली आणि रीतसर डिमोट केला, नाहीतर आधीच्या माणसासारखी मीही डिरेक्टरीत मेलेली नोंद मागे ठेवली असती. केबल काढून ठेवायचीच असेल तर टोम्बस्टोनच्या मुदतीच्या (पुसलेल्या नोंदींची खूण जपण्याचा काळ, सहसा १८० दिवस, २००३ च्या जुन्या डोमेनमध्ये ६० असू शकतो) फार आत परत जोडा.

नवशिका_तासगाव

दादा, बघितलं. पायरी शून्यसुद्धा नाही, स्थलांतर सुरूच झालेलं नाही असं सांगतोय. आणि साइट्समध्ये दोन सर्व्हर दिसतात. आमच्याकडे यंत्र एकच आहे.

संगमकाठ

मग दुसरं भंगारात गेलंय. रविवारी सकाळी दहाला फोनवर बसू. त्याआधी सिस्टम स्टेटचा (डिरेक्टरीसकट प्रणालीच्या गाभ्याचा) बॅकअप घेऊन ठेवा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडतोय का बघा.